कप्तानाचा डावा हात

ती. ताई,

वाकून नमस्कार. (हल्ली मला वाकणं फक्त कागदावरच जमतं, तेव्हा तेवढं तरी मनापासून घे.) पत्रात आधी समोरच्याची विचारपूस, मग आपलं रडगाणं, आणि डावीकडे दोन बोटं समास, असं आपल्याला शाळेच्या बोर्डिंगमधल्या सिस्टरांनी शिकवलं आहे. म्हणून आधी सांग, मान कशी आहे? दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं म्हटल्यावर मान धरणारच. पण पेशंटांना तू जो व्यायाम सांगतेस तो स्वतः करत नाहीस, असं भावोजी फोनवर म्हणाले. (ते म्हणाले हे त्यांना कळू देऊ नकोस.) मांजरीचा डोळा उघडला का? भावोजी अजून बातम्या लावून खुर्चीत झोपतात आणि टीव्ही बंद केला की जागे होतात का? इकडे सगळं छान आहे. माझे गुडघे जिन्यावर बोलतात, सपाटीवर गप्प बसतात. ह्यांचा रक्तदाब ह्यांच्यापेक्षा समजूतदार आहे. एकूण काय, तक्रार करायला जागा नाही, आणि म्हणूनच की काय, एक नवी जागा निर्माण झाली आहे.

फोन न करता पत्र का लिहिते आहे, तर फोनवर तू मधेच "थोडक्यात सांग" म्हणतेस. हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. थोडक्यात सांगायचं तर येत्या रविवारी नऊ-दहा माणसं हातात ट्रे घेऊन माझ्या घरी येणार आहेत आणि माझं जहाज मोडणार आहेत. अगदी प्रेमाने मोडणार आहेत, आणि मीच त्यांना "या हं नक्की" म्हटलं आहे. ते मोडू द्यायचं की नाही, हे मला रविवारच्या आत ठरवायचं आहे, आणि ते तुझ्याशिवाय ठरणार नाही.

आता कसलं जहाज, ते ऐक. लेक तिच्या घरी गेल्यापासून तिच्या लहानपणच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांच्या दोन पेट्या आमच्या माळ्यावर पडून होत्या. (ते ठोकळे गं, वर बटणांसारखे उंचवटे असतात, एकात एक दाबून बसतात, आणि अंधारात पायाखाली आले की माणसाला ईश्वर आठवतो.) "आई, देऊन टाक कुणाला तरी," ती म्हणाली. देऊन टाकायचे म्हणून खाली काढले. पण दुसऱ्याला मळकी वस्तू द्यायची म्हणजे काय, असं आपल्या हाडीमांसी भिनलेलं, तेव्हा ते धुवायला घेतले. हे ठोकळे उशीच्या अभ्र्यात भरून, तोंड बांधून वॉशिंग मशीनमध्ये धुतात, हे तुला माहीत होतं का? मशीनमध्ये तासभर गारपीट झाली. मग हॉलभर टॉवेल पसरून वाळत घातले, आणि हे नेमके अनवाणी पेपर आणायला निघाले. त्या वेळी ह्यांनी जे शब्द वापरले ते इतक्या वर्षांच्या संसारात मी पहिल्यांदाच ऐकले. त्यातल्या दोहोंचे तर मला अर्थही लागले नाहीत.

तर ते वाळलेले ठोकळे गोळा करता करता एक करडा, तिरक्या कापाचा तुकडा हाताला लागला, आणि ताई, मी तिथेच खाली बसले. (आणि बसले ती बसलेच. ह्यांनी येऊन उठवलं.) ती आपल्या कप्तानाच्या खिडकीची कड होती. हुबेहूब तीच! बिघडलेली अंतराळयानं दोरखंड लावून ओढून आणणारी ती खटारा नौका, धुरकट खिडकी, शिडी, तो लांब दांडा, आणि तो दांडा खेचण्याआधी कप्तानाचं ते एक क्षण डोळे मिटणं. मालिका सगळ्या जगाने पाहिली असेल. पण आपल्यासारखी कुणी पाहिली असेल का? बोर्डिंगमधल्या मुलींना टीव्ही वर्ज्य. तो फक्त सिस्टरांच्या बैठकीच्या खोलीत, आणि रविवारी संध्याकाळची प्रार्थना आटोपली की आपण दोघी जिन्याच्या वळणावर दबा धरून बसायचो. उघड्या दारातून टीव्ही दिसायचा नाही, दिसायच्या सिस्टरांच्या खुर्च्या. पण समोरच्या भिंतीला ते काचेच्या दारांचं पुस्तकांचं कपाट होतं, आणि त्या काचेत सबंध पडदा उमटायचा, पोस्टकार्डाएवढा. आत संतांची चरित्रं होती. ती इतक्या काळ्याकुट्ट कापडात बांधलेली नसती तर आपल्याला कप्तान दिसलाच नसता. मालिकेचं नाव आपल्याला कधी कळलं नाही, कारण नाव येऊन जायचं तेव्हा आपण "आमेन"पर्यंत पोचलेल्या असायचो. (नाव मला आता कळलंय. काही खास नाही. आपलं "कप्तान" बरं होतं.)

ठोकळे द्यायचे राहिले ते राहिलेच. डायनिंग टेबल माझं झालं, आम्ही ओट्याशी उभं राहून जेवू लागलो, अंड्यांच्या ट्रेमध्ये रंगवार तुकडे लागले. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या मुलीकडे मी गुडघ्याचं मलम आणायला गेले होते, तर तिच्या गल्ल्याशेजारी अशाच ठोकळ्यांचं एक धुलाईकेंद्र, आत नाचणारी माणसं! कुठल्याशा गाजलेल्या गाण्यातलं म्हणे. तिच्याकडून कळलं की गावात अशा वेड्यांचं रीतसर मंडळ आहे. आपापल्या आवडत्या सिनेमातली, मालिकेतली, खेळातली दृश्यं ही मंडळी स्वतःच्या डोक्याने बांधतात, डब्यावरचं चित्र बघून नव्हे. दर महिन्याला वाचनालयाच्या बालविभागात जमतात, बालकांच्याच खुर्च्यांवर. अध्यक्ष एक नोटरी आहेत. दिवसभर लोकांच्या सह्या खऱ्या की खोट्या ते बघतात आणि संध्याकाळी एका सिनेमातली बुडालेली नगरी बांधतात. तीन वर्षं झाली, अजून पाण्यापर्यंत पोचलेले नाहीत. त्या सगळ्यांत मीच सर्वांत वडील, पण एकाने तरी मला "या वयात हे काय" विचारावं! उलट "काकू, तुमच्याकडे करडे उताराचे तुकडे जास्तीचे आहेत का?" म्हणून विचारतात. ताई, किती वर्षांनी कुणी माझ्याकडे काही मागितलं, जे माझ्याकडे खरोखरच होतं.

मागच्या बैठकीला मी जहाज नेलं. हे गाडी चालवत होते आणि सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. (आयुष्यभर लिफ्टची तपासणी केलेला माणूस. जे हलतं ते पडतं, यावर ह्यांची अढळ श्रद्धा.) टेबलावर ठेवलं, वरची चादर काढली. आधी "वा!" झालं. मग एक शांतता पसरली, आपल्या शाळेत कुणाचा तरी पेटिकोट दिसत असला की पसरायची ना, तशी. औषधवाल्या मुलीने मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला.

"काकू, सुंदरच आहे. पण हे उलटं आहे."

मी म्हटलं, "उलटं कसं असेल बाळ? छप्पर वर आहे."

"तसं नाही. डावं-उजवं उलटं आहे. शिडी उजवीकडे असते. दांडा पण."

मी हसले. मोठ्या माणसाने लहानाच्या चुकीवर हसावं तसं, ते आठवून आता कान गरम होतात. तिने फोन काढला. तिच्याकडे सगळे भाग आहेत. आणि ताई, जन्मात पहिल्यांदा मी आपली मालिका समोरून पाहिली. शिडी उजवीकडे! मी म्हटलं, तुमच्या फोनमध्ये फीत उलटी बसली आहे. (फोनमध्ये फीत नसते, हे मला चार जणांनी चार प्रकारे सांगितलं.) तेव्हा नोटरी पुढे झाले आणि त्यांनी दारावर बोट ठेवलं. जहाजाच्या दारावर परग्रहाच्या लिपीतली ती दोन अक्षरं होती ना, जी आपण वह्यांच्या मागे गिरवायचो आणि ज्यांचा अर्थ तू "जपून" असा लावला होतास? मी ती पिवळ्या ठोकळ्यांत फार जीव ओतून काढली होती. मुलीने पर्समधला पावडरीचा आरसा काढून दारासमोर धरला. ताई, ते त्र्याहत्तर आहे. साधा आकडा. जहाजाचा नंबर.

तेव्हा मला ते कपाट आठवलं आणि सगळा उलगडा झाला. मी त्यांना जिना, सिस्टर, काच, संत, सगळं सांगितलं. ते इतके हसले की वाचनालयाच्या बाई "शूऽऽ" करायला आल्या आणि ऐकून स्वतःच हसत बसल्या. चेष्टेचं हसू नव्हतं गं. एकाने तर डोळे पुसले.

घरी आल्यावर ह्यांनी प्रश्न तांत्रिक बाजूने हाती घेतला. "त्यात काय एवढं? फिरव की," म्हणाले. दोघांनी मिळून टेबल फिरवलं, आणि टेबलाबरोबर आम्हीही फिरलो. हे पलीकडे जाऊन उभे राहिले. "आता बघ." मी बघितलं, शिडी डावीकडेच. हे म्हणाले, तू इकडे ये. मी तिकडे गेले, हे इकडे आले. शिडी उजवीकडे आली, पण समोर जहाजाची पाठ. मग हे टेबलाखाली शिरून वर बघू लागले. काय चाललंय म्हणून मी वरूनच विचारलं तर म्हणाले, "विचार करतोय." शेवटी बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं की हा दोष टेबलाचा नाही. त्यांनी मग आरशाच्या कपाटाचं दार उघडून जहाजासमोर केलं आणि म्हणाले, घे, आता तुझं सगळं बरोबर. खरंच बरोबर दिसत होतं. शिडी उजवीकडे, दांडा उजवीकडे, दारावर स्वच्छ त्र्याहत्तर. पण ताई, मला काहीच झालं नाही. आत काही हललं नाही. दुसऱ्या कुणाचं तरी नीटनेटकं घर खिडकीतून दिसावं तसं वाटलं. मी कपाटाचं दार लावलं, आणि तेव्हा कुठे कप्तान परत आला.

आता ती गोष्ट, जी लिहायला मी इतकी पानं घेतली. बस आधी. बसलीस? कप्तान डावखुरा नव्हता.

दांडा तो उजव्या हाताने खेचायचा. सलाम उजवा. सूप उजव्या हाताने. मी पुन्हा पुन्हा लावून पाहिलं. त्याच्यापायी तू बाराव्या वर्षी जिद्दीने डावखुरी झालीस. दात डाव्या हाताने घासलेस, वेणी डाव्या हाताने घातलीस (ती वर्षभर कानाजवळून निघत होती), सिस्टरांनी पेन उजव्या हातात दिलं तर घरची पत्रं उजव्याने लिहिलीस आणि बाकी सगळं आयुष्य डाव्याने. तुझ्या दवाखान्यातली ती मुद्दाम उलटी बसवून घेतलेली खुर्ची! तुझी मदतनीस भलत्या बाजूला उभी राहायला शिकली आणि आता दुसरीकडे कुठेच नोकरी करू शकत नाही, म्हणून तुझ्याकडेच टिकली. आणि भावोजी! कॉलेजच्या जेवणघरात तुझा डावा कोपर त्यांच्या उजव्याला लागला, रस्सा सांडला, आणि पुढचं सगळं झालं. ताई, तू उजवी असतीस तर रस्सा सांडला नसता. एका काचेच्या कपाटाने तुझा हात, खुर्ची आणि नवरा ठरवला. मी हे रात्रीच्या जेवणाला ह्यांना सांगितलं तर हे गंभीरपणे म्हणाले, "मग माझ्या बाबतीत कुठलं कपाट होतं?" (त्यांना मी उत्तर दिलेलं नाही. थोडं टांगणीला असलेलं बरं.)

तर रविवारचा मामला असा. पुढल्या आठवड्यात मंडळाचं प्रदर्शन आहे. मधलं मोठं टेबल "जसंच्या तसं" विभागाचं. माझं जहाज उलटं, म्हणून ते "मनाप्रमाणे" विभागात जाईल, एक गुलाबी राक्षस आणि एक वांग्याच्या आकाराची मोटार यांच्या मधे. ताई, मी जन्मात कधी मनाप्रमाणे केलेलं नाही. जे दिसलं तेच बांधलं! मंडळींना माझं तोंड बघवलं नाही. त्यांनी आपसांत ठरवलं की रविवारी सगळ्यांनी काकूंकडे जायचं, एकेकाने एकेक भाग सुटा करायचा आणि संध्याकाळपर्यंत जहाज सुलटं उभं करायचं. केवढा चांगुलपणा! आणि मी, जिला नको म्हणायला फक्त ताटात दुसऱ्यांदा वाढताना शिकवलंय, मी हसून म्हटलं, "अय्या, किती गोड! चहाला थांबायचं हं."

घरी येऊन मात्र त्याच्याकडे बघत बसले आणि वाटलं, जगातल्या सगळ्या फोनांत कप्तान उजवा आहे. राहू दे. एक तरी जागा अशी असू दे की जिथे तो डावखुरा आहे आणि माझ्या ताईचं काहीही चुकलेलं नाही. मी नोटरींना तसं फोनवर सांगितलं. (त्यातलं "माझी ताई" एवढंच नीट सांगता आलं.) ते त्यांच्या कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "काकू, 'जसं पाहिलं तसं' हाही जसंच्या तसंचाच प्रकार धरता येईल. पण कुणी साक्षीदार आहे का?"

मी म्हटलं, एकच आहे.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार, मांजरीच्या पाठीवरून हात फिरव. कुठल्या हाताने ते तू ठरव.

तुझ्याहून एक पायरी खाली बसणारी,
तुझी धाकटी

ता. क. तर शनिवारीच निघून ये. साक्ष सोपी आहे: नोटरींसमोर बसायचं आणि आपण काय पाहिलं ते सांगून सही करायची. ते सही फार निरखून बघतात, म्हणून दडपण घेऊ नकोस. तू नेहमीसारखी, नेहमीच्या हाताने कर.

ता. क. २. हे पत्र ह्यांनी वाचलं. म्हणाले, मेव्हणीबाईंना वाईट वाटेल, तर त्यांना लिही की मी ती मालिका घरच्या टीव्हीवर, अगदी समोर बसून पाहिली आहे आणि मलाही तो डावखुराच वाटायचा. हे खोटं आहे. पण ह्यांचं खोटं इतकं क्वचित असतं, म्हणून पाठवते.

ता. क. ३. आता खरं ते लिहिते, कारण पाकीट अजून चिकटवलेलं नाही आणि चिकटवण्यावरूनच आठवलं. वर मी तत्त्वाचं, तुझ्या हाताचं वगैरे जे लिहिलं, त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. पण जहाज तसंही सुलटं होऊ शकत नाही. बैठकीहून परतताना ह्यांनी ब्रेक दाबला आणि वरचा मजला निखळला. मी आंघोळीला गेले तेवढ्यात ह्यांनी तो बुटाचे तळवे चिकटवायच्या गोंदाने बसवला, आणि हात लागलाच आहे म्हणून खालचा मजलाही, शिडीही, दारही, आणि कप्तानाचा हात दांड्याला. बाहेर आले तर म्हणतात, "आता भूकंप झाला तरी हलणार नाही." ताई, मंडळात बाकी सगळं माफ आहे, गोंद नाही! गोंद लावलेलं बांधकाम टेबलावर चढतच नाही, आणि नोटरी प्रत्येक जहाजाचा, घराचा, राक्षसाचा एक तुकडा स्वतः ओढून बघतात. साक्ष झाली तर मोडणं टळेल, पण ओढणं टळणार नाही. तेव्हा दातांवरचं किटण खरवडायची तुझी ती बारीक आकड्याची अवजारं घेऊन ये. दाताला धक्का न लावता तू डोंगराएवढं किटण काढतेस, मग हे काय! शनिवारी दुपारी बसलीस तर संध्याकाळपर्यंत होईल, टेबल मी तुझ्या बाजूने लावून ठेवते.

ता. क. ४. सगळं सोडव, पण कप्तानाचा डावा हात दांड्यावर आहे तसा राहू दे. रविवारी नोटरींची बोटं तिकडे वळायला लागली, तर तू फक्त "आ करा" म्हण. तुझ्या त्या आवाजापुढे माणसाला दुसरं काही सुचत नाही.